थंडरबर्ड ठेवू की काढू?

पत्र थोडक्यात: वय चौतीस. एरंडोलजवळच्या गावात राहतो, नोकरी जळगावच्या एमआयडीसीत. रोजचं येणं-जाणं साठेक किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी मामेभावाकडून रॉयल एनफिल्डची 2011 ची थंडरबर्ड 350 ही मोटरसायकल घेतली. ड्युटीलाही वापरू आणि लडाखलाही जाऊ, असा विचार होता. लडाख राहिलं आणि ड्युटीला जाताना गाडी रडवते. सेल्फ मारला की नुसता घर्रर्र आवाज येतो. मागच्या पावसाळ्यात दोनदा रस्त्यात बंद पडली. क्लच दाबून मनगट दुखतं. गावचा मेकॅनिक म्हणतो, "भो, इंजिन खोलनं पडी," आणि अठ्ठावीस हजार सांगतो. एक जण पंचेचाळीस हजाराला गाडी मागतोय. बायको म्हणते ही काढा आणि साधी 125 घ्या. मित्र म्हणतात, असली गाडी विकणारा येडा. येत्या नोव्हेंबरात गाडीला पंधरा वर्षं होतील, मग दिल्लीतल्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांसारखी भंगारात जाईल का? विकली तर आपलं फिरणं कायमचं संपलं असं वाटतं. आणि रात्री हायवेला नीट दिसत नाही, जास्तीचे लाइट बसवून घेऊ का?

भाऊ,

तुमच्या पत्रात गाडीच्या दुखण्याला चार ओळी आहेत आणि विकली तर कोण काय म्हणेल याला दीड पान. आधी गाडीचं बघू, ते सोपं आहे.

"गाडी म्हातारी झाली" असं तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिलंय. पण तीन वर्षांत तिचं काय काय केलं, तर "ऑइल वेळेवर बदलतो" एवढंच. रोज साठ किलोमीटर म्हणजे महिन्याला दीड हजार, म्हणजे तीन वर्षांत पन्नास हजारांच्या पुढे. एवढ्या धावेत चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं), टायर, केबल, एअर फिल्टर, बॅटरी बदलली असती तर तुम्ही रुपयांसकट लिहिलं असतं. पत्रात नाही, म्हणजे बदललेलं नाही असं धरून चालतो. तसं असेल तर हे वयाचं दुखणं कमी आणि आबाळ जास्त. आबाळीवर इलाज असतो आणि तो अठ्ठावीस हजारांपेक्षा स्वस्त पडतो.

सेल्फचा घर्रर्र घ्या. मोटर फिरतेय पण इंजिन फिरत नाही, म्हणजे मोटरची ताकद इंजिनापर्यंत नेणारा स्प्रॅग क्लच घसरतोय. तो बदलता येतो. पण तो एकटा बदलू नका. बॅटरी अशक्त असली की इंजिन अर्धवट फिरून उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रॅगलाच बसतो. जुनी बॅटरी ठेवून नवा स्प्रॅग बसवला तर वर्षभरात पुन्हा तेच. म्हणून आधी बॅटरी आणि चार्जिंग तपासा. साधा मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशेला मिळतो. सकाळी गाडी चालू करण्याआधी बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, आणि गाडी चालू करून थोडी रेस दिली की 13.8 ते 14.5 च्या दरम्यान. रेस देऊनही आकडा तेराच्या खालीच राहिला तर रेक्टिफायर (बॅटरीला योग्य करंट देणारा भाग), कॉइल किंवा वायरिंगमध्ये खोट आहे, आणि नवी बॅटरी घातली तरी ती उपाशीच राहणार. हे होईपर्यंत किक मारा. तुमच्या गाडीला किक आहे, आजच्या बऱ्याच गाड्यांना ती चैन नाही.

पावसात बंद पडण्याची दोन कारणं आधी बघा. पहिलं म्हणजे प्लग. तुमची गाडी ट्विनस्पार्क आहे, प्लग दोन आहेत, इंजिनाच्या एकेका बाजूला. समोर दिसतो तो एकच बदलून सोडून देणारे मेकॅनिक पुष्कळ. एक प्लग मेला तरी गाडी चालते, फक्त मरगळते आणि पेट्रोल जास्त पिते, त्यामुळे महिनोन्महिने कळतही नाही. दोन्ही प्लगच्या रबरी टोप्या काढून आत बघा. तडकल्या असतील तर पाणी आत जाणारच. दुसरं कारण पेट्रोल. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. 2011 ची गाडी त्या हिशेबाने बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला पचत नाही आणि ते पाणी ओढून घेतं. कार्ब्युरेटरच्या तळाशी एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. इंजिन थंड असताना, उघड्यावर, आजूबाजूला कोणी विडी ओढत नाही हे बघून तो सैल करा आणि खाली काचेचा पेला धरा. पेला पाच मिनिटं स्थिर ठेवला आणि तळाशी वेगळा थर किंवा थेंबांचे गोळे दिसले की समजा, गाडी पावसाने नाही, टाकीतल्या पाण्याने बंद पडत होती. मग टाकी साफ, टाकीच्या झाकणाचं रबर नवं, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी नवी. ही नळी दोन बोटांत दाबून बघा. कडक लागली किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर आजच बदला, कारण खाली तापलेलं इंजिन आहे.

मनगटाचं दुखणं तर मला सगळ्यात सोपं वाटतं. हँडलजवळ क्लच केबलचं जे टोक लिव्हरमध्ये अडकतं तिथे लिव्हर दाबून टॉर्च मारा. पोलादी तारेचे दोन-तीन पदर तुटून काट्यासारखे बाहेर आलेले दिसतील. ती केबल फार दिवस चालणार नाही आणि ती तुटेल ती बांभोरीच्या पुलावर ट्रकच्या मागे असतानाच. नवी केबल घाला, ती कुठे दुमडत नाही ना ते बघून वळवून घ्या, आणि जुनी पण धड असलेली एखादी सीटखाली ठेवा. तरीही क्लच जड राहिला तर मग क्लचच्या प्लेटांकडे बघायचं.

आता "इंजिन खोलनं पडी." मेकॅनिकवर मी आळ घेत नाही, पण कशावरून, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. टकटक आवाज येतो म्हणून? तुमच्या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे आहेत, ते हाताने सेट करायचे नसतात. ऑइल कमी असेल किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल तरी ते वाजतात. या इंजिनाला 15W-50 ग्रेडचं ऑइल लागतं, आणि आमच्याकडे सरसकट डब्यातलं काय असेल ते ओतायची रीत आहे. उजव्या बाजूला ऑइलची काचेची टिकली आहे. गाडी सपाट जागी मेन स्टँडला लावा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा आणि पातळी बघा. पंधरा दिवस दर रविवारी बघा. ऑइल भराभर उतरत असेल, उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर मागे निळसर धूर निघत असेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्यावर कमी भरत असेल, तर इंजिन उघडा आणि मनापासून खर्च करा. यातलं काहीच नसेल तर नीट चालणारं इंजिन उघडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. धुळ्याला किंवा जळगावला या गाड्यांवर रोज हात चालणारा एखादा मिस्त्री गाठा, त्याच्याकडून दुसरं मत घ्या, खर्च कागदावर लिहून घ्या आणि काढलेले पार्ट परत मागा.

आपल्या भागाचे दोन शत्रू वेगळे सांगतो, कारण कंपनीच्या पुस्तकात ते नसतात. पहिली धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत एअर फिल्टरमध्ये पिठासारखी बसते. पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच फिल्टर उघडून बघत जा. तीच धूळ चेनच्या ऑइलला चिकटते आणि चेन आतून घासली जाते. तुमच्या धावेला महिन्यातून तीनदा चेन रॉकेलने पुसून ऑइल करायला हवी. मागच्या स्प्रॉकेटचे दात बघा. सरळ त्रिकोणी असतील तर ठीक. एका बाजूला कलून हुकासारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, सुटं काही नको. दुसरं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात जातो आणि तुमचं इंजिन फक्त वाऱ्यावर थंड होतं. चौफुलीवर रांग लागली की इंजिन बंद करा. बॅटरीचं खरं मरणही उन्हाळ्यातच ओढवतं, लोक फक्त तक्रार पावसात करतात.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2216 लिहिलं असेल तर तो 2016 च्या बाविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी एवढा जुना टायर तापलेल्या डांबरावर नको.

हे सगळं मिळून, स्प्रॅग, बॅटरी, टायर, चेनसेट धरून, ढोबळ मानाने पंधरा-अठरा हजारांत बसावं.

आता कागद. दिल्लीचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता आहे, खान्देशात तो लागू नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो, फॉर्म 25. फी आणि पर्यावरण कराचे आकडे बदलत असतात, त्यामुळे ते भरतानाच बघा. पण उशीर करू नका, दुचाकीला दर महिन्याला 300 रुपये दंड चढतो. 2019 च्या एप्रिलआधीची गाडी आहे, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. ती अजून बसवली नसेल तर या निमित्ताने उरका.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य कंसात, जाता जाता आलंय: "गाडी अजून मामेभावाच्याच नावावर आहे." भाऊ, सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती याच वाक्याची. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक, गाडी त्याने केव्हाच विकलेली असली तरी. उद्या तुमच्या हातून कोणाला धक्का लागला तर नुकसानभरपाईची नोटीस जाईल ती मामेभावाच्या दारी. तुमच्यात नातं आहे म्हणून कागद राहिला, आणि हाच कागद नातं तोडू शकतो. नाव बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 भरा, दोघं एका दिवशी वेळ काढा. विमाही तुमच्या नावावर करून घ्या. तुमचं इंजिन 346 सीसीचं, म्हणजे 350 च्या आतल्या टप्प्यात. थर्ड पार्टीचा दर 2022 पासून वर्षाला 1366 रुपये अधिक कर असा आहे. गाडी ठेवायची असो की विकायची असो, हे काम चुकत नाही. मामेभावाच्या नावावरची गाडी तिसऱ्याला दिलीत तर गुंता दुप्पट.

पैशांचा हिशेब तुम्ही मांडलाय तो अर्धाच आहे. तुम्ही म्हणता, 125 घेतली तर पेट्रोल वाचेल. वाचेल. थंडरबर्ड लिटरला पस्तीस देते, नवी साठ देईल असं धरू. दीड हजार किलोमीटरला त्रेचाळीस लिटरऐवजी पंचवीस लागतील, म्हणजे महिन्याला अठरा लिटर, एकोणीसशे रुपयांच्या आसपास. पण लाखभराचं कर्ज तीन वर्षांसाठी काढलं तर हप्ता सव्वातीन हजारांच्या घरात बसतो. पेट्रोल वाचवायला म्हणून नवी गाडी घेणार असाल तर तीन वर्षं खिशातूनच जाणार. पंचेचाळीस हजार त्यात घातले तर हप्ता निम्म्यावर येतो आणि गणित जेमतेम जुळतं. थोडक्यात, पैशांच्या बाजूने दोन्ही पारडी जवळजवळ सारखी आहेत. निर्णय पैशांवर ढकलू नका.

मग निर्णय कशावर? तुमच्या पत्नीवर या, पण तुम्ही समजताय तसं नाही. तुम्ही लिहिलंय की तिला गाडी आवडत नाही. त्याच पानावर लिहिलंय की वाटेत पाळधीजवळ रात्री गाडी बंद पडली, फोनची बॅटरी संपलेली, आणि ती लेकराला कडेवर घेऊन दीड तास दारात उभी होती. ती थंडरबर्डशी भांडत नाहीये. रात्री नवरा किती वाजता घरी येईल ते कळावं, एवढंच तिचं मागणं आहे, आणि 125 हे तिला सुचलेलं त्याचं उत्तर. दुसरं उत्तरही आहे, ते तुम्ही तिच्यासमोर कधी ठेवलेलं नाही.

जुनी गाडी रोज चालवायला माझी ना नाही. मात्र रोज तिच्यावाचून अडलं तर ती पोसता येत नाही. आज गाडी बंद म्हणजे तुमची हजेरी गेली, म्हणून तुम्ही दुखणं अंगावर काढता. आवाज आला तरी रविवारपर्यंत ढकलता आणि रविवारी बाजार, लग्न, शेत. किरकोळ केबल रस्त्यात तुटते ती अशी. धुळे-जळगाव रस्त्यावर दिवसभर एसटी आहेत. तुमच्या शिफ्टला कोणती गाडी जुळते, परत येताना शेवटची कोणती, स्टँडवरून एमआयडीसीपर्यंत कसं जायचं, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा आणि आठवड्यातून एक दिवस मुद्दाम एसटीनेच जा. तो दिवस गाडीचा मिस्त्रीकडचा दिवस. तुमच्या खात्यात एरंडोलकडून येणारा कोणी असेल तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा, गाडी बंद पडल्यावर रस्त्यातून फोन करू नका. आणि घरी एक नियम: निघताना फोन, उशीर झाला तर पाळधीहून फोन, त्यासाठी सीटखाली चार्ज केलेली पॉवरबँक. रात्रपाळी असेल आणि शेवटची एसटी चुकत असेल, तर मात्र माझं मत फिरतं. त्या महिन्यात ज्या गाडीवर डोळे झाकून भरवसा ठेवता येतो तीच रात्री हवी, आणि सध्या तुमची ती नाही. अशांनी चांगल्या अवस्थेतली जुनी 100 सीसी रोख घ्यावी, थंडरबर्डला सुट्टीच्या दिवशी बाहेर काढावं. दोन गाड्यांचा विमा आणि देखभाल झेपत असेल तरच.

राहता राहिलं लडाख. तीन वर्षांत तुम्ही या गाडीवर कुठे कुठे गेलात, हे पत्रात शोधलं. पद्मालयाला गेलात, ते तर घराजवळच. तोरणमाळचा यशवंत तलाव नाही, रावेरकडचं पाल नाही, पाटणादेवी नाही, दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची जत्राही नाही. यातल्या कुठल्याच ठिकाणी जायला गाडीने अडवलं नव्हतं. रजा, शेती, लहान लेकरू यांनी अडवलं, आणि ते गाडी विकली तरी असणार, ठेवली तरी असणार. 125 वर लडाखला जाऊन आलेले लोक आहेत. त्यामुळे विकली तर फिरणं संपेल ही भीती बाजूला ठेवा. मित्रांचं मत विचारात घ्यायचं असेल तर पाळधीला रात्री टो करायला जे आले त्यांचंच घ्या.

माझा कौल असा. नाव बदलायचं काम या महिन्यात. वर सांगितलेली कामं पावसाळ्याआधी, इंजिन न उघडता. मग पूर्ण पावसाळा गाडी चालवा आणि डॅशबोर्डजवळ नको, घरच्या कॅलेंडरवर, पत्नीला दिसेल असं, गाडीने दगा दिला त्या तारखेवर फुली मारा. सप्टेंबरात नूतनीकरणाचा अर्ज करायची वेळ येईल, तेव्हा दोघांनी मिळून कॅलेंडर बघा. एखादीच फुली असेल तर पाच वर्षांची नोंदणी करून निवांत चालवा. चार-पाच असतील तर विका. तेव्हा गाडी तुमच्या नावावर, नवे टायर, चालू सेल्फ अशी असेल, आणि पंचेचाळीसऐवजी जास्तच मागता येतील. विकताना घेणाऱ्याच्या नावावर झालेली दिसल्याशिवाय स्वस्थ बसू नका, नाहीतर तुमच्या मामेभावाच्या जागी तुम्ही याल.

आणि लाइट. आत्ता बसवू नका. तुमचं चार्जिंगच संशयात आहे, त्यावर आणखी भार टाकला तर बॅटरी आधी बसेल. हेडलाइटची काच आतून पिवळी पडली असेल तर ती बदला, होल्डरचे गंजलेले कनेक्टर घासून घ्या, बल्ब कंपनीच्याच वॅटचा नवा घाला, आणि रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून झोत खाली-वर नीट लावून घ्या. मल्टिमीटरवर चौदा दिसायला लागले की मग लाइटचं पुन्हा विचारा.